तेलक्षेत्रातल्या घड्या आणि फॉल्ट: नकाशा पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रात भूशास्त्र शिकून तेल कंपनीत किंवा मड लॉगिंगच्या (खोदाईच्या चिखलद्रवातून, म्हणजे मडमधून, वर येणाऱ्या खुणांची नोंद ठेवण्याच्या) कामावर रुजू होणाऱ्यांची एक अडचण ठरलेली असते. शिकताना डोळ्यांसमोर सह्याद्री असतो. बेसाल्टचे थर एकावर एक, मैलोन्‌मैल जवळजवळ आडवे. डिप, म्हणजे थराचा उतार, विचारली तर उत्तर बहुतेक वेळा ‘नगण्य’. कामावर मात्र समोर येतो तो वाकलेल्या, तुटलेल्या, सरकलेल्या थरांचा नकाशा. त्यावर लाल रेघांनी फॉल्ट, म्हणजे थर तुटून सरकल्याच्या जागा, काढलेले असतात आणि वरिष्ठ विचारतात, ‘ही विहीर कुठल्या ब्लॉकमध्ये आहे?’

घडीचे सगळे प्रकार पाठ असले तरी तेवढ्याने भागत नाही. तेलक्षेत्रात घडी आणि फॉल्ट यांचा अभ्यास शेवटी एका प्रश्नासाठी करायचा असतो: खालून वर आलेलं तेल इथे अडेल का, आणि भरत गेलं तर कुठून सांडेल? खालच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नाकडे जाणाऱ्या आहेत. तो विसरून काढलेला नकाशा दिसायला कितीही देखणा असला तरी विहीर कुठे घ्यायची ते सांगू शकत नाही.

आधी ठरवा: ताण की दाब

आपल्या हाताशी असलेलं उदाहरण म्हणजे मुंबई हाय. मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर पश्चिमेला, सुमारे ७५ मीटर पाण्याखाली. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने इथे तेल दाखवलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. मुख्य तेल मायोसीन काळातल्या चुनखडकात आहे. तिथले लोक त्याला एल-थ्री म्हणतात. रचना पाहिली तर ही एक लांबट अँटिक्लाइन, म्हणजे वर फुगलेली घडी, आहे. तिचा आस उत्तर-वायव्य ते दक्षिण-आग्नेय. दोन्ही टोकांना ती खाली उतरते, पश्चिमेची बाजू हलक्या उताराची आणि पूर्वेची फॉल्टने तुटलेली.

आता महत्त्वाची गोष्ट. ही घडी हिमालयासारख्या दाबाने पडलेली नाही. भारताचा पश्चिम किनारा ताणला गेला, खालचे ग्रॅनाइट-नाइस आणि डेक्कन ट्रॅप यांचे ठोकळे फॉल्टांवर वर-खाली सरकले, आणि वर राहिलेल्या ठोकळ्यावर पुढे गाळाचे थर पांघरत गेले. म्हणून थरांचा उतार एखाद-दोन अंशांचा, आणि फॉल्ट बहुतेक नॉर्मल, म्हणजे फॉल्टवरचा ठोकळा खाली सरकलेले.

दिग्बोईला जा, सगळं उलटं. आसामातल्या या क्षेत्रात १८८९ मध्ये खोदाई सुरू झाली आणि १९०१ मध्ये शुद्धीकरण कारखाना उभा राहिला. तिथे थर दाबाखाली दुमडून नागा थ्रस्ट या दाबाने पडलेल्या, कमी कललेल्या फॉल्टवरून वायव्येकडे ढकलले गेले आहेत. उतार तीव्र, घडीच्या दोन बाजू असमान, आणि एकच थर विहिरीत दोनदा भेटू शकतो. कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रातल्या भागात तिसरीच तऱ्हा: नदीने आणलेला गाळ स्वतःच्या वजनाने घसरतो, खाली वक्र होत जाणारे ग्रोथ फॉल्ट तयार होतात आणि त्यांच्या खाली सरकणाऱ्या बाजूला थर मागे वळून रोलओव्हर घडी पडते.

हे आधी का ठरवायचं? कारण पुढे प्रत्येक पायरीवर तुम्हाला अपुऱ्या माहितीवर रेघ ओढावी लागणार आहे. तिथे फॉल्ट कुठल्या कोनात काढायचा, कुठल्या दिशेला झुकवायचा, याचा अंदाज खोऱ्याच्या स्वभावावरूनच बांधावा लागतो. ताणाच्या खोऱ्यातले नॉर्मल फॉल्ट साधारण ६० अंशांच्या आसपास कललेले असतात, थ्रस्ट ३० अंश किंवा त्याहून कमी. मुंबई हायच्या नकाशावर कुणी ऐटीत थ्रस्ट काढून आणला, तर पुरावा मागायचा हक्क तुम्हाला नवखे असलात तरी आहे.

सगळी खोली एका पातळीवर आणा

कंटाळवाणं काम, पण इथे गोंधळ झाला तर नकाशात खोट्या घड्या दिसायला लागतात. विहिरीची खोली रिगवरच्या केली बुशिंगपासून किंवा रोटरी टेबलापासून (दोन्ही रिगच्या मजल्यावरचे भाग) मोजलेली असते, आणि प्रत्येक रिगची ती उंची वेगळी. लॉगवर, म्हणजे विहिरीत उपकरण सोडून घेतलेल्या मोजणीवर, चुनखडकाचा माथा १,३४८ मीटरवर असेल आणि केली बुशिंग समुद्रसपाटीपासून २८ मीटर उंच असेल, तर नकाशावर जाणार तो आकडा समुद्रसपाटीखाली १,३२० मीटर.

विहीर तिरकी असेल तर त्याआधी आणखी एक पायरी. तारेवर मोजलेली लांबी वेगळी आणि उभी खोली, म्हणजे टीव्हीडी, वेगळी. उभ्या रेषेपासून ६० अंश कललेल्या भागात १,००० मीटर खोदाई झाली की खोली वाढते फक्त ५०० मीटर. शिवाय विहीर आडवीही सरकलेली असते, म्हणून नकाशावर तो बिंदू प्लॅटफॉर्मपाशी न टाकता जिथे विहीर त्या थराला भिडली तिथे टाकायचा. समुद्रातल्या एकाच प्लॅटफॉर्मवरून चहूबाजूंनी विहिरी जातात. सगळे बिंदू प्लॅटफॉर्मवर टाकले तर एकाच ठिकाणी दहा वेगळ्या खोल्या दिसतील.

लॉग शेजारी शेजारी ठेवा आणि हरवलेला थर शोधा

माझ्या मते नवख्या माणसाने सर्वांत जास्त वेळ इथे घालवावा. फॉल्टचा सर्वांत ठोस पुरावा विहिरीच्या लॉगमध्ये असतो, आणि तो वाचायला फक्त गॅमा रे वक्र (खडकाची नैसर्गिक किरणोत्सर्गिता दाखवणारी रेघ) आणि पेन्सिल लागते.

उदाहरण घेऊ, आकडे समजावण्यापुरते आहेत. पहिल्या उभ्या विहिरीत शेलचा, म्हणजे चिकणमातीच्या खडकाचा, एक ओळखीचा माथा समुद्रसपाटीखाली १,२५० मीटरवर आहे आणि चुनखडकाचा माथा १,३१० वर. मध्ये ६० मीटर शेल. त्या शेलमध्ये गॅमा रेची तीन ठळक शिखरं दिसतात: वरचं एकटं, खालची दोन जवळजवळ. आठशे मीटर दूरच्या दुसऱ्या विहिरीत शेलचा माथा १,२६२ वर लागतो, चुनखडक मात्र १,२८७ वरच. मध्ये फक्त २५ मीटर.

पस्तीस मीटर शेल कुठे गेला? तीन शक्यता असतात, आणि तिघींची खूण वेगळी.

शेल तिथे मुळातच कमी साठला असेल, तर तिन्ही शिखरं सापडतील, फक्त एकमेकांजवळ आलेली. वक्र उभ्या दिशेने आकसल्यासारखा दिसेल.

झीज होऊन वरचा भाग निघून गेला असेल, तर आजूबाजूच्या बऱ्याच विहिरींत त्याच पातळीच्या वरचं सगळं गायब असेल आणि त्या पृष्ठभागावर नवे थर बसलेले असतील.

नॉर्मल फॉल्ट असेल, तर वरचं शिखर पहिल्या विहिरीतल्यासारखंच, पूर्ण जाडीचं दिसेल, आणि खालची दोन शिखरं अजिबात नसतील. लॉग मध्येच कापून खालचा तुकडा वर चिकटवावा तसा. आपल्या विहिरीत हेच दिसतंय. विहीर वरच्या, म्हणजे हँगिंग वॉलच्या थरांतून खाली आली, फॉल्ट ओलांडला आणि फूटवॉलमध्ये, म्हणजे फॉल्टखालच्या ठोकळ्यात, शिरली. फॉल्ट नसता तर चुनखडक १,३२२ वर लागला असता. उभ्या विहिरीत, थर जवळजवळ आडवे असताना, हरवलेली जाडी हाच थ्रो, म्हणजे थर उभ्या दिशेने किती सरकला तो आकडा: ३५ मीटर.

थ्रस्ट किंवा रिव्हर्स फॉल्टमध्ये उलट, थर पुन्हा दिसतो. दिग्बोईसारख्या पट्ट्यात ‘हे शिखर मी आत्ताच पाहिलं’ असं वाटलं तर वाटण्यावर विश्वास ठेवून तपासा. एक धोक्याची सूचना: खूप तिरकी विहीर फॉल्टपेक्षा आडवी चालत असेल, तर नॉर्मल फॉल्ट ओलांडतानाही थर दोनदा भेटू शकतो. म्हणून हरवला किंवा पुन्हा आला एवढ्यावरून फॉल्टचा प्रकार ठरवताना विहिरीचा मार्ग शेजारी काढून ठेवा.

रिगवर असाल तर मदतीला आणखी खुणा असतात. फॉल्टपाशी किंवा भेगाळ चुनखडकात मड अचानक कमी व्हायला लागतो, खोदण्याचा वेग बदलतो, कटिंग्जमध्ये, म्हणजे खोदाईतून वर येणाऱ्या दगडाच्या चुऱ्यात, कॅल्साइटच्या शिरांचे किंवा घासून चकचकीत झालेल्या पृष्ठांचे तुकडे येतात. एकेकटी खूण फार काही सांगत नाही. लॉगमधला तुटका भाग आणि मड लॉसची खोली जुळली, की बोलायला आधार मिळतो. इमेज लॉग (विहिरीच्या भिंतीचं चित्र) उपलब्ध असेल तर डिपचे टॅडपोल, म्हणजे उताराचा कोन आणि दिशा दाखवणारे शेपटीचे ठिपके, बघा: फॉल्टच्या जवळ उताराचा कोन आणि दिशा बऱ्याचदा एकदम बदलतात.

तीन विहिरींवरून उतार

हे गणित शाळेतल्या भूमितीचं आहे, आणि सॉफ्टवेअर असलं तरी एकदा हाताने करावंच. अ, ब, क अशा तीन विहिरी. चुनखडकाचा माथा अनुक्रमे १,३२०, १,३५० आणि १,३८० मीटर. मध्ये फॉल्ट नाही, हे मागच्या पायरीत तपासलं आहे असं धरू. अ आणि क मधलं अंतर ३ किलोमीटर. उतार एकसारखा धरला तर या रेषेवर बरोबर मध्यावर खोली १,३५० असणार. तो बिंदू ‘ब’ला जोडा: ही झाली स्ट्राइकची, म्हणजे थरावरच्या सारख्या खोलीची, रेषा. आता ‘अ’पासून या रेषेवर लंब टाका. समजा तो १.२ किलोमीटर भरला. १,२०० मीटरमागे ३० मीटर उतार, म्हणजे साधारण १.४ अंश.

दीड अंशाचा उतार ऐकून हसू नका. दहा किलोमीटरवर तो अडीचशे मीटर होतो आणि जगातली मोठमोठी तेलक्षेत्रं अशाच सौम्य उतारांवर उभी आहेत.

याच जागी दुसरी सवय लावून घ्या. काप, म्हणजे थरांचा उभा छेद, काढताना तो स्ट्राइकला काटकोनात नसेल तर कापात दिसणारा उतार खऱ्यापेक्षा कमी असतो. खरा उतार ३० अंश आणि काप स्ट्राइकशी ३० अंश करत असेल, तर कागदावर दिसतील जेमतेम १६ अंश. विहिरींना सोयीने जोडत गेलेल्या वेड्यावाकड्या कापांमध्ये हे सारखं होतं. काप छान दिसतो आणि घडी उगाच पसरट होते.

समोच्च रेषा हाताने काढा

एक नकाशा तरी कागद, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन काढा. संगणक बिंदूंमधून गुळगुळीत पृष्ठभाग ओढतो. फॉल्ट सांगितला नाही तर तो थ्रोलाही तीव्र उतार समजून घडी बनवतो. आधी फॉल्टची रेघ, मग तिच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे समोच्च रेषा, हा क्रम मोडू नका.

नॉर्मल फॉल्टपाशी नकाशावर थराची एक पट्टी रिकामी असते, कारण तिथे तो थर नसतोच. रिव्हर्स फॉल्टपाशी थर स्वतःवर चढतो आणि रेषा एकमेकींवरून जातात. ही रिकामी पट्टी किती रुंद? ४० मीटर थ्रो आणि ६० अंशांचा फॉल्ट असेल तर आडवी फट साधारण २३ मीटर. १:२५,००० च्या नकाशावर ती एक मिलिमीटरही भरत नाही, म्हणून एकच रेघ दिसते. थ्रो लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या माणसाला त्या रेघेतून काहीच कळत नाही.

फॉल्ट नकाशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखाच जात नाही. त्याचा थ्रो साधारणपणे मधल्या भागात सर्वांत जास्त असतो आणि टोकांकडे शून्यावर येतो. एका ठिकाणी ३५ मीटर, पुढच्या विहिरीपाशी ५ आणि त्याच्या पुढे पुन्हा ४० असं तुमच्या नकाशात आलं, तर तो बहुधा एकच फॉल्ट नाही. दोन फॉल्ट चुकून जोडले गेलेत. या एका तपासणीवर मी कुठल्याही सजवलेल्या नकाशाची परीक्षा करतो.

सेस्मिक बघताना

रंगीत सेस्मिक काप, म्हणजे थरांवरून परतलेल्या ध्वनीवरून काढलेला छेद, बघून नवीन माणूस भारावतो. भारावायला हरकत नाही, पण उभ्या अक्षावर मीटर नसून बहुतेक वेळा सेकंद असतात, ध्वनीला खाली जाऊन परत यायला लागलेले. सरासरी वेग २,४०० मीटर प्रति सेकंद आणि वेळ १.१५ सेकंद, तर खोली १,३८० मीटर. वेगाचा अंदाज चुकला की घडीही चुकते. उथळ भागात गॅस साठलेला असेल तर ध्वनी तिथे मंदावतो आणि खालचा थर खोटाच खाली झोकलेला दिसतो. वर जाड, टणक चुनखडकाचा पट्टा असेल तर खालचा थर खोटाच वर उचललेला दिसतो. कापावरचा फुगवटा वरपासून खालपर्यंत सगळ्या थरांत हुबेहूब एकाखाली एक असेल, तर आधी वेगाचा संशय घ्या.

दुसरी मर्यादा बारकाव्याची. ३,००० मीटर प्रति सेकंद वेगाच्या खडकात ३० हर्ट्झची लहर १०० मीटर लांब असते आणि तिच्या पाव भागापेक्षा, म्हणजे साधारण २५ मीटरपेक्षा, लहान थ्रो सहसा स्वच्छ दिसत नाही. तुमच्या लॉगमध्ये १५ मीटर थर हरवलाय आणि सेस्मिकवर काही नाही, तर दोघांत भांडण नाही; लॉग बारीक बघतो, एवढंच. उत्पादनाच्या काळात त्रास देणारे फॉल्ट बरेचसे याच आकाराचे असतात.

काप बघताना उभं ताणलेलं प्रमाणही लक्षात ठेवा. उंची दहापट ताणली तर दोन अंशांचा उतार १९ अंशांचा दिसतो आणि मुंबई हायचा सौम्य माथा सुळक्यासारखा वाटायला लागतो. फॉल्टसुद्धा उभे वाटतात. निदान एक काप तरी १:१ प्रमाणात छापून घ्या.

सांडण्याची जागा शोधा

इथे सगळ्या कामाचा हिशेब लागतो. अँटिक्लाइन म्हणजे तेलासाठी उपडी ठेवलेली वाटी. पाण्यापेक्षा हलकं असल्याने तेल वर चढतं आणि माथ्याखाली अडतं, वरच्या शेलने झाकून धरलेलं. वाटीची कड जिथे सर्वांत उंचावर आहे तिथून ते निसटतं.

समजा माथा १,३०० मीटरवर आहे. १,३१०, १,३२० अशा समोच्च रेषा स्वतःशी मिळत पूर्ण गोल होत जातात. १,३६० ची रेषाही मिळते. १,३७० ची मात्र वायव्येला उघडते आणि शेजारच्या उंचवट्याला वळसा घालून येते. मधल्या खिंडीत खोली १,३६४ निघाली, तर तो स्पिल पॉइंट, म्हणजे सांडण्याची जागा, आणि माथ्यापासून तिथवरची उंची, म्हणजे क्लोजर, ६४ मीटर.

आता विहिरीतला तेल-पाण्याचा कॉन्टॅक्ट या आकड्याशेजारी ठेवा. कॉन्टॅक्ट १,३४० वर असेल तर वाटी अर्ध्याहून थोडी जास्त उंच भरली आहे. तेल कमी आलं असेल किंवा कुठून तरी गळत असेल. कॉन्टॅक्ट १,३६४ च्या आसपास असेल तर वाटी काठोकाठ, आणि जास्तीचं तेल वायव्येच्या उंचवट्याकडे गेलेलं असण्याची शक्यता आहे. पुढची विहीर कुठे घ्यायची याचं उत्तर तिथे असू शकतं. कॉन्टॅक्ट १,३८५ वर निघाला तर? तुमच्या नकाशाप्रमाणे तिथे तेल राहूच शकत नाही, पण ते आहे. म्हणजे खिंड चुकीची काढली, किंवा खिंडीत एखादा फॉल्ट तेल अडवून आहे, किंवा चुनखडकच त्या बाजूला घट्ट, बिनछिद्री होत गेला आहे. अशी विसंगती सापडणं ही या कामातली सर्वांत उपयोगाची घटना असते. ती घासूनपुसून नाहीशी करू नका.

अँटिक्लाइनमध्ये तेल सापडतं, हा विचार अमेरिकेत आय. सी. व्हाइट यांनी १८८५ मध्ये ठामपणे मांडला आणि जगभर लोक उंचवटे शोधायला लागले. पण १९३० मध्ये सापडलेलं पूर्व टेक्सासचं प्रचंड क्षेत्र अँटिक्लाइनवर नाही. तिथे वाळूचा थर एका बाजूला पातळ होत संपून जातो. म्हणून उंचवटा दिसला नाही की हात झटकू नका.

जमिनीवरचा उंचवटा खाली तसाच असेल, हेही धरून चालू नका. इराणच्या झाग्रोस पर्वतात १९०८ मध्ये मस्जिद-ए-सुलेमानला तेल लागलं. तिथे तेलाच्या अस्मारी चुनखडकावर गचसारानचे मीठ आणि जिप्समचे थर आहेत. दाबाखाली मीठ वाहतं. त्यामुळे वरच्या घडीचा माथा आणि खालच्या चुनखडकाचा माथा एकाखाली एक नसतात. वर डोंगराची पाठ आणि खाली दरी, असंही होतं.

फॉल्ट अडवतो की गळतो

वाटीची एक बाजू फॉल्टने कापलेली असेल, जशी मुंबई हायची पूर्व बाजू, तर स्पिल पॉइंट काढून काम संपत नाही. फॉल्टच्या पलीकडे काय आहे ते बघावं लागतं.

पंचवीस मीटर जाडीचा चुनखडक घ्या. थ्रो १५ मीटर असेल तर फॉल्टच्या दोन्ही बाजूंचा चुनखडक १० मीटर उंचीवर एकमेकांना टेकलेला राहतो. तिथून तेल पलीकडे जाऊ शकतं. थ्रो ४० मीटर असेल तर वर राहिलेल्या बाजूच्या चुनखडकासमोर खाली सरकलेल्या बाजूचे, त्याच्यावरचे थर येतात. ते शेल असतील तर अडसर तयार. वाळूचे असतील तर दार उघडं. थ्रो फॉल्टच्या लांबीवर बदलतो, म्हणून ही तपासणी एका ठिकाणी करून उपयोग नाही. फॉल्टच्या पृष्ठावर दोन्ही बाजूंचे थर एकावर एक उतरवून ॲलन आकृती काढतात. समोरासमोर आलेल्या झिरपत्या थरांची सर्वांत उंच जागा ही गळतीची जागा, आणि ती स्पिल पॉइंटपेक्षा उंचावर असेल तर हिशेब तिच्यावरून करायचा.

चुनखडकासमोर चुनखडकच आला तरी सगळं संपत नाही. सरकताना फॉल्टमध्ये चिकणमाती चिरडून मिसळते आणि लेप तयार होतो. त्याचा अंदाज घ्यायचा सोपा मार्ग म्हणजे शेल गाउज रेशो: फॉल्टवरच्या त्या जागेसमोरून सरकत गेलेल्या थरांत एकूण चिकणमाती किती, भागिले थ्रो. ४० मीटर थ्रोमध्ये १२ मीटर चिकणमाती गेली असेल तर ३० टक्के. साधारण १५ ते २० टक्क्यांच्या वर फॉल्ट अडवायला लागतो, असा अनुभव वाळू-शेलच्या खोऱ्यांत आहे. चुनखडकात हा आडाखा तसाच लावू नये; तिथे फॉल्टच्या आजूबाजूच्या भेगा आणि त्यांत भरलेलं कॅल्साइट यांच्यावर बरंच अवलंबून असतं.

या सगळ्या अंदाजांपेक्षा दाबाचे आकडे जास्त खरं बोलतात. एका बाजूला उत्पादन सुरू करून दुसऱ्या बाजूचा दाब पडला, तर फॉल्ट गळतो. दोन बाजूंचे कॉन्टॅक्ट वेगळ्या खोलीवर असतील, तर निदान भूशास्त्रीय काळात तो अडवत आला आहे. उत्पादन विभागातल्या लोकांशी ओळख ठेवा. तुमच्या फॉल्टची बातमी त्यांच्याकडे आधी पोचते.

घडी आधी की तेल आधी

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? उत्तम घडी, उत्तम झाकण, पण तेल त्या बाजूला आलंच नसेल किंवा घडी पडायच्या आधीच निघून गेलं असेल, तर विहिरीत पाणी लागतं. घडीचं वय काढायला जाडीचे नकाशे लागतात. एखादा थर माथ्यावर पातळ आणि बाजूंना जाड असेल, तर तो साठत असताना तिथे उंचवटा होता. ग्रोथ फॉल्टमध्ये खाली सरकलेल्या बाजूची जाडी वर राहिलेल्या बाजूच्या जाडीने भागतात. भागाकार १ पेक्षा जेवढा मोठा, तेवढी त्या काळातली हालचाल जास्त. मुंबई हायच्या माथ्यावर पन्ना नावाचे जुने थर साठलेलेच नाहीत, बाजूच्या खोलगट भागांत मात्र आहेत. म्हणजे उंचवटा तेव्हापासून उभा आहे, आणि त्याच बाजूच्या भागांतल्या शेलमधून पुढे शिजलेलं तेल चढून यायला जागा तयार होती.

जाता जाता: मुंबई हायमध्ये तळाच्या भेगाळ खडकातूनही तेल मिळालं आहे, आणि गुजरातेत पाद्रा क्षेत्रात डेक्कन ट्रॅपच्या बेसाल्टमधून. ‘आपला’ दगड तेलाच्या बाबतीत अगदीच निरुपयोगी नाही, फक्त त्याला भेगा पडलेल्या असाव्या लागतात.

सराव कुठे करायचा

पनवेलच्या आसपास बेसाल्टचे थर पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला वाकलेले आहेत. पनवेल फ्लेक्शर म्हणून ती रचना ओळखली जाते आणि ती किनाऱ्याच्या त्याच ताणाशी जोडली जाते. घाटावरच्या आडव्या थरांशी तुलना करून क्लायनोमीटरने डिप घ्यायला ही जागा चांगली. खऱ्या घट्ट घड्या बघायच्या तर नागपूर-भंडारा भागात जा. रामटेकजवळ मनसरच्या बाजूला सौसर गटाचे खडक दुमडलेले आहेत आणि मँगनीजचे पट्टे त्यांच्यासोबत वळतात. तिथे तेलाचा संबंध नाही, डोळा तयार व्हायला मात्र उपयोग होतो. नॉर्मल फॉल्टने थर हरवणं म्हणजे काय ते चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खाणींत काम करणाऱ्यांना विचारा. चालू असलेला थर अचानक संपतो आणि पुढे तो वर शोधायचा की खाली, यावर त्यांचा दिवस अवलंबून असतो.

घरी बसून करायचं असेल तर नेदरलँड्सच्या समुद्रातला एफ-थ्री ब्लॉकचा त्रिमितीय सेस्मिक डेटा मोफत मिळतो आणि ओपनडीटेक्ट या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये उघडतो. खाली मिठाने उचललेले थर आणि त्यावरचे फॉल्ट त्यात दिसतात. नॉर्वेच्या इक्विनॉर या तेल कंपनीने २०१८ मध्ये उत्तर समुद्रातल्या व्होल्व्ह क्षेत्राचा जवळजवळ सगळा डेटा खुला केला. लॉग, सेस्मिक, उत्पादनाचे आकडे, सगळं एका ठिकाणी, आणि क्षेत्र फॉल्टांनी बरंच तुटलेलं. त्यातल्या बऱ्याच विहिरी तिरक्या आहेत, तेव्हा सुरुवात रंगीत कापांपासून करू नका. दोन-तीन विहिरींचे डेव्हिएशन सर्व्हे, म्हणजे विहीर कुठे किती कलली याच्या नोंदी, घ्या, एका माथ्याची टीव्हीडी स्प्रेडशीटमध्ये स्वतः काढा, केली बुशिंगची उंची वजा करा, आणि तो बिंदू नकाशावर नेमका कुठे पडतो ते बघा. मग सेस्मिक उघडा.